कथेचें सार आणि मुलाचें गीत

ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत आपल्या देवळाच्या इमारतीचा, घंटेचा व होऊन गेलेल्या धर्मगुरूंचा इतिहास इतरत्र येईलच. प्रस्तुत लेखाचा विषय दिसावयास लहान आहे. ऐकलेली गोष्ट मुलानें स्वतः चार चरणांच्या गीतांत बसवावी व तसें करतां करतां तिचें सार काढावयास शिकावें, ह्या रीतीचा मागोवा येथें घ्यावयाचा आहे. रीत नवी नाहीं. ती पवित्र शास्त्राइतकी जुनी असून तिचा एक धागा आपल्या कोंकणच्या भूमींतूनहि गेला आहे.

“सारांश लिहा” असें शाळेंत सांगितलें म्हणजे मूल काय करतें, हें प्रत्येक शिक्षक जाणतो. तें पहिलें वाक्य उतरून घेतें, शेवटचें उतरून घेतें, आणि मधलीं दोन-चार हाताला लागतील तशीं उचलतें. गद्याला कुंपण नसल्यामुळें कोठें थांबावें हें मुलास समजत नाहीं, आणि कांहीं टाकावयाचें म्हटलें तर त्याच्या जिवावर येतें. गीताला मात्र कुंपण आहे. चरण संपला कीं जागा संपली. तेव्हां काय ठेवावें आणि काय टाकावें ह्याचा निकाल मुलाला स्वतःच करावा लागतो. आणि हा निकाल करणें म्हणजेच गोष्ट समजणें होय.

अनुवाद ह्या ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायांत ह्या रीतीचा उगम पाहावयास सांपडतो. मोशेचा अंतकाळ जवळ आला आहे. तो पूर्ण नियमशास्त्र लिहून लेव्यांच्या स्वाधीन करतो. तथापि तेवढ्यानें भागत नाहीं. एक गीत लिहून काढ आणि तें इस्राएलाच्या संतानांस शिकीव, अशी देवाची त्यास आज्ञा होते. ग्रंथ कोशाजवळ ठेवावयाचा होता. गीत लोकांच्या तोंडीं राहावयाचें होतें. पुढें संकटें आलीं असतां तेंच त्यांच्यासमोर साक्षी म्हणून उभें राहील, कारण त्यांच्या वंशजांच्या मुखांतून तें विसरलें जाणार नाहीं, असें कारणहि तेथेंच दिलें आहे.

आतां बत्तिसाव्या अध्यायांतील तें गीत काढून पाहावें. चाळीस वर्षांच्या इतिहासाचें हें सार. परंतु मिसर देशांतील दास्य, तांबडा समुद्र, सिनाय पर्वत ह्यांचा त्यांत नामोल्लेखहि नाहीं! देवाला आपली प्रजा ओसाड रानांत सांपडली, गरुड पिलांस वागवितो तसें त्यानें तिला वागविलें, आणि ती पुष्ट झाल्यावर त्याला विसरली, एवढाच कणा राखला आहे. एरवीं जें कोणीहि प्रथम सांगितलें असतें तेंच गाळलेलें आहे, कारण हें गीत कृतघ्नतेविषयीं आहे. सार काढणाऱ्यानें आपलें गीत कशाविषयीं आहे हें आधीं ठरविलें पाहिजे, हा धडा येथें उघड दिसतो.

स्तोत्रग्रंथांत तर ह्याहून नवलाची गोष्ट आहे. आपल्या लॅटिन बायबलाच्या क्रमानें १०४ वें व १०५ वें (हिब्रू क्रमानें १०५ वें व १०६ वें) हीं दोन स्तोत्रें एकमेकांस लागून आहेत. दोन्हींत मिसर देश आहे, दोन्हींत अरण्य आहे. पहिल्यांत लोकांच्या अपराधाचा शब्द नाहीं. त्यांनीं मागितलें आणि देवानें लावे पक्षी दिले, एवढेंच. दुसऱ्यांत तीच प्रजा कुरकुर करते, वासरूं घडविते, आणि देवाचीं कृत्यें विसरते. एकाच इतिहासाचीं हीं दोन सारें आहेत, आणि दोन्ही खरीं आहेत. पहिलें देवाच्या वचनपूर्तीचें, दुसरें मनुष्याच्या विस्मरणाचें. ज्यांनीं स्तोत्रसंग्रह रचला त्यांनीं हीं शेजारी शेजारी ठेवलीं, ह्यांत त्यांचें शहाणपण दिसतें असें मला वाटतें.

पुढील शतकांत ह्या कलेचे उपासक पुष्कळ झाले. स्पेन देशांत ३४८ सालीं जन्मलेला लॅटिन कवि प्रुडेन्शियस ह्यानें शास्त्रांतील प्रसंगांवर ४९ श्लोक रचले; प्रत्येकाला ओळी चारच. देवळांतील भिंतीवरील चित्रांखालीं लिहिण्यासाठीं ते असावेत, असा पंडितांचा तर्क आहे. परंतु हीं प्रौढ कवीचीं कामें. न शिकलेल्या माणसाकडून असें काम करवून घेतल्याचा जो वृत्तांत इतिहासांत नमूद आहे, तो इंग्लंडांतील व्हिटबीच्या मठांतला आहे, आणि त्यावर थोडें रेंगाळणें अवश्य आहे.

संत बीड ह्यांनीं ७३१ सालीं पूर्ण केलेल्या आपल्या इतिहासग्रंथांत तो दिला आहे. हिल्डा ह्या साध्वीच्या अमलाखालीं तेथें साधु व साध्वी ह्यांचा एकत्र मठ होता. ती ६८० सालीं निवर्तली, म्हणजे वृत्तांत त्यापूर्वींचा. केडमन नांवाचा एक गुराखी त्या मठाच्या आश्रयास होता. वय पुष्कळ झालें होतें, पण गाणें म्हणून त्याला येत नसे. मेजवानींत वीणा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं फिरूं लागली कीं हा बापडा आपली पाळी येण्याच्या आधींच उठून घरीं जाई. अशाच एका रात्रीं तो गोठ्यांत निजला असतां स्वप्नांत कोणी त्याला नांवानें हाक मारून गावयास सांगितलें. मला गातां येत नाहीं, म्हणूनच मी तेथून निघून आलों, असें त्यानें उत्तर दिलें. तरी तुला गायलेंच पाहिजे, असा आग्रह झाला. काय गाऊं विचारतां उत्पत्तीविषयीं गा असें सांगण्यांत आलें. आणि त्यानें गायिलें.

सकाळीं त्याच्यावरील कारभाऱ्यानें त्याला हिल्डेपुढें नेलें. तिनें काय केलें तें ध्यानांत घेण्याजोगें आहे. तिनें त्याची स्तुति केली नाहीं कीं त्याला हांकलूनहि दिलें नाहीं. तिनें परीक्षा घेतली. विद्वान मंडळींनीं त्याला पवित्र इतिहासांतील एक भाग समजावून सांगितला आणि जमल्यास ह्याचें गीत कर म्हणून सांगितलें. तो घरीं गेला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं गीत घेऊन आला. मग तिनें त्याला मठांत घेतलें व पवित्र इतिहास क्रमानें शिकविण्याची आज्ञा केली. तो वाचणारा नव्हता. जें कानीं पडे तें मनांत सांठवी, आणि बीड म्हणतात त्याप्रमाणें, शुद्ध पशु रवंथ करतो तसें तें घोळवून मधुर गीतांत उतरवी. शेवटीं असें झालें कीं त्याचे गुरुच त्याचे श्रोते बनले.

गोठ्यांत आयुष्य घालविलेल्या माणसाला रवंथाची उपमा किती शोभते हें आमच्या गाई-म्हशी पाळणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. ह्या वृत्तांतांतील रात्र मला फार महत्त्वाची वाटते. गोष्ट सांगितली आणि तेथल्या तेथें गीत मागितलें, असें तेथें झालें नाहीं. मधल्या रात्रींत गोष्टीचा चोथा कांहीं उरला, कांहीं गेला. जें सकाळपर्यंत टिकलें तेंच गीतांत आलें. केडमनच्या पुष्कळ गीतांपैकीं उत्पत्तीविषयींच्या ९ ओळीच आज खात्रीनें त्याच्या म्हणतां येतात, परंतु ती शिकविण्याची पद्धत मात्र बीडच्या पानांत जशीच्या तशी उरली आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. संत फ्रान्सिस झेवियर ता. ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले. पुढें दक्षिणेच्या मोतीकिनाऱ्यावर हातांत घंटा घेऊन, गांवभर फिरून, मुलांस व मोठ्यांस गोळा करीत व प्रार्थना त्यांच्याच भाषेंत पाठ करवीत, हें त्यांच्या १५४४ सालच्या पत्रावरून कळतें. १५४८ च्या जानेवारींत कोचीहून लिहिलेल्या पत्रांत ते मोलुका बेटांतील तर्नाते येथील स्थिति वर्णितात. चौकांत मुलगे, घरांत मुली व बायका, शेतांत मजूर आणि समुद्रावर कोळी, सर्वजण जुन्या पोकळ गाण्यांऐवजीं ‘मी विश्वास धरितों’, ‘आमच्या बापा’ इत्यादि गात असत. वर्णन वाचतांना अंतःकरण भरून येतें. तरीसुद्धां आपल्या विषयाच्या दृष्टीनें एक भेद येथें केलाच पाहिजे. ह्या मुलांस गीत तयार मिळालें होतें. तें त्यांच्या जिभेवर चढलें, आणि जिभेवरून घरांत गेलें, हें काम थोडें नव्हे. परंतु केडमनला जें करावें लागलें तें ह्या मुलांस करावें लागलें नाहीं. पाठांतरानें गोष्ट टिकते. रचनेनें ती समजते. आमच्या देशांतील धर्मशिक्षणानें पहिलें मोठ्या हातानें दिलें आणि दुसरें क्वचितच मागितलें, असें म्हणण्यावांचून गत्यंतर नाहीं.

दुसरें मागण्याची विद्या त्याच संघाजवळ नव्हती असें मात्र नाहीं. १५९९ सालीं येशूसंघाच्या शाळांसाठीं जी अध्यापनपद्धति मुक्रर झाली, तींत कोणताहि पाठ समजावून सांगतांना प्रथम त्याचें सार अगदीं थोडक्या शब्दांत सांगावें असा शिक्षकास नियम आहे. वरच्या वर्गांतील मुलांनीं स्वतः पद्यें रचावींत व निवडक पद्यें सुमारें दर दोन महिन्यांनीं वर्गाच्या भिंतीवर लावावींत, असेंहि त्यांत आहे. पण हीं पद्यें बहुतेक लॅटिनचीं किंवा ग्रीकचीं, आणि मुलें व्याकरणाच्या पायऱ्या चढून आलेलीं. खेड्यांतल्या दौत्रिनाच्या वर्गापर्यंत ती भिंत आली नाहीं.

त्या वर्गाजवळ दुसरेंच कांहीं आलें, आणि तें अपूर्व होतें. फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास पोंचले आणि सासष्टी प्रांतांत त्यांचें बहुतेक आयुष्य गेलें. त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. ग्रंथाच्या आरंभींच त्याच्या जन्माची हकीकत आहे. दौत्रिनाच्या प्रसंगीं एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठून पाद्रीगुरूस विनवितो, त्याचा भाव असा: आमचीं जुनीं पुराणें आपण सोडवावयास लाविलीं, तर आमच्या करमणुकीसाठीं नवें पुराण कां करून देत नाहीं? प्रश्न मोठा मार्मिक आहे. प्रार्थना व प्रश्नोत्तरें पाठ झालीं होतीं. तरी गोष्टीची भूक राहिलीच होती. ती भागविण्यासाठीं सुमारें ११,००० ओव्या झाल्या.

इतक्या ओव्यांना सार म्हणतां येईल काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु विस्तारांतहि निवड असतेच. पवित्र शास्त्रांत जुना करार हा नव्या कराराच्या कितीतरी पट मोठा आहे. स्टीफन्सांनीं पहिल्या पुराणास ३६ अध्याय दिले आणि दुसऱ्यास, म्हणजे प्रभु येशू ख्रिस्ताच्या चरित्रास, ५९. तराजूचीं पारडीं त्यांनीं जाणूनबुजून उलटीं केलीं. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यास ते कचरले नाहींत, कारण ऐकणाऱ्यांच्या मनांत तो शब्द आधींच प्रकाशमान होता. मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) एकाच रामकथेचीं १०८ रामायणें केलीं असें सांगतात. त्यांतहि प्रत्येक वेळीं काय राखावें आणि काय सोडावें हाच प्रश्न नव्यानें उभा राहिला असला पाहिजे. एकच कथा पुन्हां पुन्हां बांधून पाहण्याची हौस मराठी वाणीच्या अंगवळणीं पडलेली आहे.

‘ख्रिस्तपुराणा’च्या १६४९ व १६५४ सालीं आणखी आवृत्त्या निघाल्या. रविवारीं व सणांच्या दिवशीं तें इगर्जींतून गात असत. पुढें १६८४ सालीं विजरईनें हुकूम काढून तीन वर्षांच्या आंत लोकांनीं देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें असें फर्माविलें. अशा हुकमांनीं भाषा मरत नाहीं, पण ग्रंथ मरतात. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आज ज्ञात नाहीं. कानडा मुलुखांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं मात्र हातानें नकला करून पुराण संभाळलें व घरीं गायिलें, आणि त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ सालीं मंगळुरास सालढाणा ह्यांनीं तें पुन्हां छापविलें. देवनागरी छापील आवृत्ति शांताराम बंडेलू ह्यांनीं १९५६ सालीं काढली. मोशेनें ग्रंथ व गीत असे जे दोन मार्ग सांभाळले, त्यांपैकीं संकटकाळीं कोणता तरला हें येथें दिसून येतें.

स्टीफन्सांनीं जी ओवी घेतली ती मुलांस सार शिकविण्याच्या कामीं किती उपयोगी आहे हें आतां पाहूं. तिचे पहिले तीन चरण यमकानें बांधलेले. चवथा आंखूड आणि बहुधा यमकावेगळा. तीन चरणांत गोष्टीचीं तीन वळणें बसतात. चवथ्यांत जें बसेल तें मनावर ठसतें. उधळ्या पुत्राचा दृष्टांत घ्या. तो संत लूकच्या पंधराव्या अध्यायांत आहे आणि प्रत्येक मुलानें ऐकलेला आहे. समजा, एखाद्या मुलानें अशी ओवी केली:

धाकटा वांटा घेऊनि गेला ।
परदेशीं पैका उधळिला ।
दुष्काळीं डुकरें राखूं लागला ।
मग आला घरीं ॥

ह्यांत खोटें कांहीं नाहीं. क्रम बरोबर, यमक बरोबर, आणि चालीवर म्हणतांहि येते. पण शिक्षकानें एकच विचारावें: बाळा, ह्यांत बाप कोठें आहे? मूल चमकेल. सर्व चरण पुत्राच्या प्रवासांतच खर्ची पडले. डुकरें मुलांस आवडतात, म्हणून त्यांना पुरा एक चरण मिळाला आणि बापाला अर्धाहि नाहीं. आतां तेंच मूल पुन्हां बसेल, रात्रभर तें घोळवील, आणि कदाचित् असें कांहीं आणील:

वांटा उडवूनि पुत्र परतला ।
दुरूनि बापें तो ओळखिला ।
धांवत जाऊनि हृदयीं धरिला ।
थोरला दारीं उभा ॥

दुष्काळ गेला, डुकरें गेलीं, अंगठी व पुष्ट वासरूंहि गेलें. प्रवासाला एकच चरण पुरला. धांवणारा बाप आला. आणि शेवटीं थोरला भाऊ आला, ज्याला प्रवचनांत सुद्धां पुष्कळदां विसरतात. हा दृष्टांत प्रभूनें कोणाला सांगितला? पाप्यांबरोबर हा जेवतो म्हणून कुरकुर करणाऱ्या परुशांना व शास्त्र्यांना. थोरला म्हणजे तेच. त्याला वगळून केलेलें गीत गोड होईल, परंतु प्रभूच्या समोर जे उभे होते त्यांच्या कानीं त्यांची स्वतःची गोष्ट पडणार नाहीं. चार चरणांचा आटोपशीरपणा मुलाला येथवर आणून सोडतो. ह्याच दृष्टांतावर दोन पानें लिहावयास लावलीं असतीं तर सर्वच आलें असतें, आणि कोणतें मुख्य हा प्रश्न उठलाच नसता.

ह्या रीतीला धोकाहि आहे. यमक हा मोठा लोभी सावकार आहे. एक अक्षर देतो आणि त्याच्या व्याजांत कथेंत नसलेली वस्तु घुसवितो. मोठ्यांच्या गीतांत सुद्धां हें झालें आहे. पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष तीन होते असें आपण सर्व गातों. संत मत्तयानें दानें तीन सांगितलीं, माणसांची संख्या सांगितली नाहीं. गव्हाणीपाशीं बैल व गाढव असतात. संत लूकच्या पानांत ते नाहींत, ते यशयाच्या पहिल्या अध्यायांतून चित्रांत आणि चित्रांतून गीतांत आले. ही परंपरा पूज्य आहे, ती मोडावी असें कोणी म्हणत नाहीं. परंतु मुलानें स्वतः रचना केली म्हणजे कोणता शब्द शुभवर्तमानांतला आणि कोणता आपल्या पदरचा हें तपासून पाहण्याची त्यास संवय लागते. गीत झाल्यावर पुस्तक उघडून प्रत्येक चरणापुढें बोट ठेवावें: हें कोठें लिहिलें आहे? भरीचा शब्द सांपडला तर तो मुलानें स्वतःच खोडावा. शिक्षकानें खोडूं नये.

चालीविषयीं एक गोष्ट. चाल मुलांच्या ओळखीची असावी. जात्यावरची, पाळण्याची, लग्नांतली, कोणतीहि. नवी चाल व नवी रचना एकाच वेळीं मागितली तर मुलाचें लक्ष सुरांत गुंतून गोष्ट निसटते. जात्यावर बसून आमच्या आज्या ज्या सहजतेनें ओवींत माहेर, भाऊ आणि देव बसवीत, ती सहजता चाल आधींच अंगांत मुरलेली असल्यामुळें होती.

आणि चवथा चरण सर्वांचा एक असावा असा हट्ट धरूं नये. वरच्याच ओवीचे पहिले तीन चरण फळ्यावर लिहून शेवटचा मुलांवर सोपवून पाहावा. कोणी ‘मेजवानी झाली’ असें लिहील, आणि तेंहि शास्त्रांत आहे. कोणी ‘थोरला दारीं उभा’ असें म्हणेल. आणि वर्गांत एखादें मूल असें निघेल कीं जें अठ्ठाविसावें वचन पुन्हां वाचील, रुसून आंत न येणाऱ्या थोरल्याची समजूत घालावयास बाप दुसऱ्यांदां घराबाहेर पडला हें त्याच्या ध्यानांत येईल, आणि तें लिहील: ‘बाप पुन्हां निघाला ॥’